रिकामी लेथ

सातिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात सलग आठ दिवस मी लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीन, रिकामी चालवत होतो. दोन हजार दोनच्या आसपासची गोष्ट... चकमध्ये, म्हणजे तिच्या पकडीत, कातायचा जॉब नाही, टूल कुठे टेकलेलं नाही, मशीन आपली फिरतेय.

हसू नका. ज्या कंपनीची कामं करायचो तिने पार्ट घेणं थांबवलं होतं. दोन्ही कारागिरांना मी "गावी जाऊन या" म्हणून पाठवून दिलं. पण गाळा गप्प झाला की इस्टेटभर बातमी होते, आणि मग येणारं कामही दुसऱ्याच्या दारी वळतं... म्हणून आवाज चालू.

दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारण्यापासून सुरुवात केलेला मी माणूस. वय एक्केचाळीस, मुलगी दहावीला. त्या घरघरीत दिवसभर एकटा बसून एकच विचार... परत कुणाकडे हेल्पर म्हणून उभं राहायचं का?

बायकोला, सुमनला, सांगितलं होतं, काम वाढलंय. तिने डब्यात दोन चपात्या वाढवल्या! त्या मी बाहेरच्या कुत्र्याला घालायचो. माझं गुपित तेवढ्या एकालाच ठाऊक.

शेजारचा गाळा लोपीसचा. गावात केळीची वाडी, इथं एक लेथ, स्वतःच चालवायचा. त्याची मशीन सकाळपासून सुरू असायची, आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

नवव्या दिवशी दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा मी जेवत होतो, हात खरकटे, म्हणून माझी मशीन लगेच सुरू केली नाही. लोपीसची सुरू झाली... आणि माझा घास हातातच राहिला.

टूल धातूत शिरलं की लेथचा आवाज जड होतो. बावीस वर्षं ऐकलेला आवाज, कान फसत नाही. दहा मिनिटं झाली, आवाज एकदाही जड झाला नाही.

हात तसेच पुसून त्याच्याकडे गेलो. लोपीस स्टुलावर पाठमोरा. मला बघून दचकला. "सावंत, बोलायला टाइम नाय बाबा, अर्जंट ऑर्डर हाय!"

मी रिकाम्या चककडे बघितलं. त्यानेही बघितलं. मग मी पुढे होऊन बटण बंद केलं.

"माझीपण रिकामीच चालतेय," मी म्हणालो. "नऊ दिवस."

त्याने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या! तुझी मशीन ऐकून ऐकून मला रात्रीची झोप नाय. म्हटलं, सगल्यांना काम हाय, मीच एकटा बसलोय!" आणि हसत सुटला... डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी त्याच्या शेजारी खोक्यावर बसून राहिलो.

"घरी सांगितलंस?" त्याने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानेही.

त्या दिवशी दोघांनी चार वाजताच शटर ओढलं. घरी जाऊन मी दारातच, बूट न काढता, सुमनला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आठवडा झाला मला कळून. तुमच्या शर्टाला लोखंडाचा कीस लागत नाही हल्ली. म्हटलं, सांगाल तेव्हा सांगाल... आत या आधी."

भीती काही त्या दिवशी गेली नाही. मला काम मिळायला आणखी तीन महिने लागले. लोपीसला मिळालंच नाही, त्याने मशीन विकली आणि वाडीत रमला. पण ते तीन महिने मी एकट्याने काढले नाहीत...

लोपीस फेसबुकवर नाही, त्याची मुलगी आहे. बाळा, पप्पांना हे वाचून दाखव. त्यांना म्हणावं, मशीन मी बंद केली, पण आधी रडायची हिंमत तुम्ही केलीत. तेवढे आभार मानायचे राहून गेले होते.