दाजींना रस्ता दाखवला त्याची गोष्ट

माझी भाची प्रज्ञा सध्या फार्मसी शिकतेय, आणि त्यात माझा वाटा एवढाच की मी रस्ता चुकलो.

ताईचं घर विठ्ठलवाडीला, चाळीत. दाजी एका कंपनीत सुपरवायझर. दरवर्षी जयंतीला विहारात मुलींच्या शिक्षणावर भाषण करावं तर दाजींनीच. गेल्या वर्षी तर बायकांनी डोळे पुसलेले. (मध्येच माईक बंद पडला, तरी मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला.) आणि बारावीनंतर प्रज्ञाला फार्मसीला सीट मिळाली, तेव्हा याच दाजींनी नाही म्हणून सांगितलं. कॉलेज शीळफाट्याच्या पुढे, महापेच्या बाजूला. मध्ये बस बदलावी लागते. त्या गर्दीत एकटी पोरगी चुकली तर? त्यापेक्षा घराजवळ काहीतरी कोर्स कर.

प्रज्ञा भांडली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून, बॅग भरून ती गॅलरीत दाराबाहेर स्टूल टाकून वाचत बसली. येणारे-जाणारे विचारायचे, कुठे निघालीस गं? ती शांतपणे सांगायची, "कॉलेजला. पप्पा हो म्हणाले की निघते." उपोषण वगैरे काही नाही. ताई दोन्ही वेळचं गरम जेवण बाहेर आणून द्यायची, वर लोणचंही. मग शेजारच्या दोघी पोरी आपापलं स्टूल घेऊन तिच्या बाजूला येऊन बसल्या. मग वरच्या मजल्यावरच्या उतरल्या. दाजींना डबा छातीशी धरून, जरा पाय घे बाळ, जरा पाय घे, असं करत त्या रांगेतून कामावर जावं लागायचं. सगळ्या अगदी अदबीने पाय घ्यायच्या. तेच त्यांना सहन होईना.

प्रवेशाची मुदत संपत आली तशी ताईने मला बोलावलं. मी बाळकुमला राहतो. म्हणजे ठाण्याचाच. म्हणजे या पट्ट्यातले सगळे रस्ते मला तोंडपाठ, असा माझा तेव्हापर्यंत समज होता. मी दाजींना म्हटलं, प्रज्ञाला घेऊन तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला, रस्ता किती सोपा आहे ते दाखवतो. मग काय ते ठरवा. दाजी तयार झाले, पण एका अटीवर: प्रज्ञाने मध्ये बोलायचं नाही. मीही तिला सांगितलं, तू फक्त बघत राहा, मामा आहे ना.

शीळफाट्यापर्यंत सगळं छान झालं. (बस तिथे आपली आपण जाते.) तिथे उतरल्यावर मात्र चारही बाजूंनी ट्रक, कंटेनर, हॉर्न. दाजींचा चेहरा पडायला लागला. आता वेळ घालवला तर पोरीचं वर्ष गेलं, असं वाटून मी समोर थांबलेल्या बसमध्ये दोघांना ढकललं आणि स्वतःही चढलो. प्रज्ञा बोर्डाकडे बघून काहीतरी बोलणार होती. मी बोट वर केलं. ती गप्प बसली.

बस निघाली ती जातच राहिली. दाजींनी विचारलं, अजून किती? मी म्हटलं, आलंच. गर्दीतून वाट काढत कंडक्टर आमच्यापर्यंत आला तेव्हा मी रुबाबात महापेची तीन तिकिटं मागितली. त्याने माझ्याकडे खूप मायेने बघितलं.

"काका, ही पनवेलला चाललीय."

भर उन्हात आम्हाला रस्त्यावर उतरवलं. मी जराही न डगमगता समोरून येणाऱ्या पहिल्या बसला हात केला. बसायला जागा मिळाली, खिडकीही मिळाली. अशा छोट्या गोष्टींनी माणसाने घाबरून जायचं नसतं, हे मी दाजींना समजावत होतो. ते बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "हा पेट्रोल पंप आपण सकाळी बघितलेला."

शीळफाटा केव्हाच मागे पडलेला. आम्ही परत घराच्या दिशेने, कल्याणला निघालो होतो.

पुन्हा उतरलो. दाजींनी शर्टाचं वरचं बटण काढलं, घाम पुसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"प्रज्ञा," ते म्हणाले, "आता तू बोल."

मला वाटलं, आता पोरगी आमची दोघांची बिनपाण्याने करणार. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, कुणाला तरी विचारू?"

विचारणं! इतका वेळ आम्हा दोघांना हे सुचलंच नव्हतं. स्टॉपवर एक बाई उभी होती. प्रज्ञा तिच्याशी दोन वाक्यं बोलली आणि परत आली. मग दाजींचा हात धरून तिने रस्ता ओलांडला, आम्हाला शीळफाट्याला आणलं आणि बरोबर जागी उभं केलं. दोन बस तिने सोडल्या. (एकीत मी पाय ठेवलेला. तिने माझा शर्ट धरला.) पुढची आली, तिचा बोर्ड तिने मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "चढा."

ऑफिस बंद व्हायच्या आत आम्ही कॉलेजात पोहोचलो. खिडकीवरच्या बाईंनी पत्ता बघून काळजीने विचारलं, विठ्ठलवाडीहून रोज यायचं, बस बदलून, जमेल का हो मुलीला? मी दाजींकडे बघितलं. ते खिडकीशी वाकले, पण आवाज भाषणाचाच लागला.

"तिला जमेल मॅडम. आम्ही दोघं हरवलेलो. तिने आणलं आम्हाला."

पूर्ण रांग वळून आमच्याकडे बघायला लागली. प्रज्ञा मान खाली घालून हसत होती आणि दाजी ताठ उभे होते, जणू हरवण्याचा बेत त्यांचाच. मीही ताठ उभा राहिलो. इतक्या आनंदात कोण कशामुळे हरवलं हे कुणी विचारत नाही.

चाळीत बातमी आमच्या आधी पोहोचली. ताईने घरोघर चहा पाठवला, पोरींनी गॅलरी डोक्यावर घेतली. तेवढ्यात शेजारच्या मुलीचे वडील आले. त्यांचीही मुलगी त्याच बाजूच्या कॉलेजला जायचं म्हणत होती. ते चाचरत म्हणाले, पाठवायला हरकत नाही, पण आधी रस्ता एकदा बघून यावा म्हणतो.

ताई म्हणाली, "मुलीला घेऊन जा, आणि माझ्या भावालाही न्या. परत याल तेव्हा तुम्हीही हो म्हणत याल."