खुंटीभाऊ

खुंटीभाऊ चांगले उंच होते. चाळीतल्या कुठल्याही दारातून आत शिरताना त्यांना मान खाली घालावी लागे. तरीही त्यांच्या स्वतःच्या खोलीतल्या सगळ्या खुंट्या जेमतेम त्यांच्या छातीला लागत. फणी ठेवायला ते वाकत, टॉवेल घ्यायला वाकत, पिशवी अडकवायलाही वाकत. लग्न होऊन मी साताऱ्याकडच्या गावातून पिंपरीतल्या त्या पत्र्याच्या चाळीत आले, तेव्हा शेजारच्या खोलीतला हा प्रकार मी पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि जेवताना आमच्या यांना हसत हसत सांगितला. हे हसले नाहीत. "त्या खुंट्या त्यांच्यासाठी नाहीत," एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले.

त्या खुंट्या त्यांच्या बायकोसाठी होत्या. भाऊंचं आडनाव गायकवाड, गाव उस्मानाबादकडचं. कंपनीत मशीनशॉपला होते. बायको सुलाबाई. पहिलं मूल जन्मताच गेलं आणि त्यानंतर सुलाबाईंचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. वेड म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. त्या ओरडत नसत, कुणाच्या अंगावर जात नसत. फक्त हातातलं काम अर्ध्यावर विसरत. अंघोळ करून ओल्या अंगाने तशाच बसून राहत. स्टोव्हवर आधण ठेवलेलं असे आणि या दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत असत. चाळीतल्या बायका म्हणत, बाईला बाहेरचं लागलंय, कुणाला तरी दाखवा. भाऊंनी एकदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमी बुद्धाला मानणारी माणसं. अंगात-बिंगात काय न्हाई. आजार हाय, आन् आजाराला गोळ्या असत्यात." पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुलाबाई घेत होत्या. गोळ्यांनी भीती गेली होती, झोप येत होती. विसरणं मात्र राहिलं होतं.

त्या विसरण्यावर भाऊंनी स्वतःच्या डोक्याने उपाय काढला होता. दारापासून स्टोव्हपर्यंत एका भिंतीला त्यांनी ओळीने खुंट्या ठोकल्या होत्या. पहिल्या खुंटीच्या पिशवीत मंजन. पुढे टॉवेल. मग तेलाची बाटली आणि फणी. मग त्या दिवशी नेसायचं पातळ, मग गोळ्यांची पिशवी, आणि शेवटी चहाची गाळणी. सकाळी उठून सुलाबाईंनी भिंतीला हात लावून चालत जायचं. हाताला जे लागेल ते करायचं. भिंत संपेपर्यंत सकाळ उरकलेली असे. भाऊ मला म्हणाले होते, "वैनी, डोकं इसरतं, हात इसरत न्हाई. हाताला जागा ठावी पायजे, बास." म्हणून रिकाम्या खुंटीवर स्वतःचा सदरासुद्धा ते कधी अडकवत नसत. एकदा पाहुण्यांनी फणीच्या जागी टोपी अडकवली, तर त्यांनी ती गुपचूप उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली होती.

काडेपेटी मात्र त्या भिंतीवर नव्हती. ती त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. मला आधी वाटलं, आगीची भीती. ती होतीच, पण तेवढ्यासाठी नव्हतं. "रोज सकाळी ती तुमच्याकडं काडी मागाया यील," ते म्हणाले. "आली तर समजायचं, सगळं बरं हाय. न्हाई आली तर जरा डोकवा. आन् काडी देताना चार शबुद बोला. तेवढंच माणसाचं बोलणं तिच्या कानावर पडंल." झालं. मग रोज सुलाबाई यायच्या, दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काडी द्या, चहा करायचाय." केस विंचरलेले, कुंकू नीट, पातळाच्या निऱ्या सरळ. मी विचारायची, आज भाजी काय करणार? त्या थोडा वेळ विचार करून सांगायच्या. कधी हसायच्यासुद्धा. पुढे मला पहिली मुलगी झाली आणि मी दिवसभर बेजार असायची, तेव्हा सुलाबाईंची ती सकाळची फेरी मलाच आधाराची वाटायला लागली होती.

भाऊंची आणखी एक सवय चाळीला पसंत नव्हती. पहिली पाळी सुटली की ते थेट घरी येत नसत. पवनेच्या काठाला सायकल लावायचे, बूट काढायचे, पाण्यात पाय सोडून नुसते बसायचे. बायको घरी अशी, आणि हा इथे निवांत बसतो, असं लोक बोलत. एकदा आमच्या यांनी त्यांना छेडलंच. भाऊ म्हणाले, "कंपनीतला आवाज कानात घिऊन घरी गेलो की मी वरडून बोलतो. ते तिला सोसत न्हाई. म्हणून हितं सांडून जातो." घरी आले की आधी पोटभर जेवायचे, मग सुलाबाईंची विचारपूस. रविवारी डोक्याला तेल, दाढी, धुतलेला सदरा. लोकांना त्यात नखरा दिसे. ते म्हणत, "मी पडलो तर हिला उचलणार कोण? म्हणून आधी मला उभं ऱ्हायला पायजे."

त्यांचे थोरले भाऊ किसनराव अधूनमधून गावाहून येत. आले की एकच विषय. एकदा आमच्या दाराला लागून असलेल्या कट्ट्यावर दोघे बसले होते आणि सगळं मला ऐकू येत होतं.

"आरं, वंश बुडायलाय. तिला माहेरी घाल आन् दुसरी कर. कोण नावं ठिवणार न्हाई तुला."

"मी ठिवीन की, दादा."

"काय ठिवशील?"

"मला मी नावं ठिवीन."

किसनराव चिडून उठले. पण वाईट माणूस नव्हता तो. जाताना सुलाबाईंसाठी आणलेल्या शेंगा स्वतःच्या हाताने त्यांच्या ओटीत घालून गेला.

मग तिकडे दुष्काळ पडला. पाणी नाही, काम नाही. किसनराव, त्यांची बायको जनाबाई आणि तीन मुलं बोचकी घेऊन भाऊंच्या दारात उभी राहिली. सख्ख्या भावाला कोण जा म्हणेल? भाऊंनी स्वतः बोचकी आत नेली.

जनाबाई कष्टाळू आणि मायाळू. त्यांनी आल्या दिवसापासून घर हातात घेतलं. "तुमी बसा बाई, मी करते," असं म्हणत त्यांनी सुलाबाईंच्या हातातून एकेक काम काढून घेतलं. त्यात कुठेही वाकडेपणा नव्हता. त्यांना ते दुखणाईत माणसाची सेवा केल्यासारखं वाटत होतं. एवढ्याशा खोलीत सात माणसं. मुलांचे कपडे ठेवायला जागा नव्हती, म्हणून भिंतीवरच्या वस्तू फळीवर गेल्या आणि खुंट्यांवर चड्ड्या-सदरे आले. जनाबाईंनी नवी काडेपेटी आणून स्टोव्हजवळ ठेवली. माझ्या दारातली सकाळची हाक बंद झाली. मी डोकावून बघायची, तर सुलाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. केस जनाबाईंनी विंचरलेले असायचे, पण चेहऱ्यावर कोणी नसल्यासारखं वाटायचं.

भाऊंच्या ते ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण त्यांनी ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली होती. नदीचा काठ सुटला. दाढी वाढली. सगळ्यांची पानं उरकल्यावर उरलंसुरलं खायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, जरा स्वतःकडे बघा." ते म्हणाले, "पाऊस पडू द्या, वैनी. मग बघू." पहिल्यांदाच मी त्यांना सुलाबाईंवर ओरडताना ऐकलं ते त्याच दिवसांत. ओरडून झाल्यावर ते बाहेर येऊन बराच वेळ सायकल पुसत राहिले होते.

एका दुपारी सुलाबाई घरात नव्हत्या. जनाबाई नळावर गेल्या होत्या, तेवढ्यात. मी कडेवर मुलगी घेऊन धावले. आधी सगळ्यांच्या मनात रेल्वेचे रूळ आले. आमचे हे आणि किसनराव तिकडे गेले. कुणी नदीकडे गेलं. कंपनीच्या गेटवर निरोप धाडला. ऊन उतरत आलं तेव्हा पलीकडच्या गल्लीतून गलका ऐकू आला आणि मी आणि जनाबाई तिकडे पळालो.

तिथली चाळ अगदी आमच्यासारखीच होती. तसेच पत्रे, तशीच दारं. सुलाबाई तिथल्या एका परक्या खोलीत शिरल्या होत्या. घरातल्या बाईने चोर समजून आरडाओरडा केला होता, दोघींनी त्यांचे दंड धरले होते आणि कुणीतरी एक थप्पडही मारली होती. सुलाबाई रडत नव्हत्या. दंड सुटला की त्या पुन्हा भिंतीकडे जात आणि खांद्याच्या उंचीवर, कोऱ्या चुन्यावरून हात फिरवत. एकदा इकडून तिकडे, मग पुन्हा तिकडून इकडे.

भाऊ आले ते कंपनीच्या कपड्यांतच. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बायकोचा भिंतीवरचा हात आपल्या हातात घेतला, म्हणाले, "चल, घर पलीकडं हाय आपलं," आणि तिला घेऊन निघाले.

संध्याकाळी कट्ट्यावर किसनराव पुन्हा बोलले. त्या दिवशी तेही घाबरलेले होते. "आज वाचली. उद्या रुळावर गेली तर? दवाखान्यात तरी ठिव तिला. घर सोडून जायलीय ती."

"घर सोडून न्हाई गेली, दादा," भाऊ म्हणाले. "घर हुडकाया गेलती."

मग जनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, भिंतीवरलं म्याच काढलं ओ. मला काय ठावं." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आपून दुसरीकडं बघू जागा."

किसनरावांना ते लागलं. आठवड्याभरात नदीपलीकडे काळेवाडीच्या अंगाला त्यांनी झोपडं घातलं. दुष्काळात भावानं घराबाहेर काढलं, असं ते पुढे गावभर सांगत राहिले. भाऊ दर आठवड्याला ज्वारी घेऊन त्यांच्याकडे जात. किसनराव तोंड फिरवून बसत. जनाबाई ज्वारी ठेवून घेत. पाऊस झाल्यावर ती माणसं गावी परतली, तेव्हा भाऊ एसटी स्टँडवर गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, बोलले का दादा? त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

इकडे भिंत पुन्हा लावली गेली, पण सुलाबाईंचा हात ती विसरला होता. हे मात्र भाऊंनी गृहीत धरलं नव्हतं. त्यांनी बाकीचं सगळं उतरवलं आणि एकच टॉवेल ठेवला. कितीतरी दिवस फक्त टॉवेल. तो जमला तेव्हा फणी. माझ्याजवळ कधीकधी बोलायचे. "लहान मुलाला शिकवतो तसं न्हाई हे," ते म्हणाले होते. "मूल पुढं जातं. ही कधी पुढं, कधी मागं. मला रोज सकाळी नव्यानं सुरू करावं लागतं." जवळजवळ वर्ष गेलं. मग एका सकाळी दारात सुलाबाई उभ्या होत्या. केसांचा भांग थोडा वाकडा होता. "काडी द्या," त्या म्हणाल्या. मला काडेपेटी कुठे ठेवली तेच आठवेना.

सुलाबाई सावरल्या, भाऊ नाही सावरले. नदीकाठी बसायची ती एक सवय त्यांची स्वतःची होती. ती मोडली, ती पुन्हा लागलीच नाही. आता बसलं की अपराध्यासारखं वाटतं, म्हणायचे. मला हे फार वर्षांनी समजलं, की पाळीच्या वेळेपलीकडे सुलाबाईंना एकटं ठेवायलाच ते घाबरत, तासाभरासाठीसुद्धा. चढावर सायकल ढकलताना थांबायला लागले. आमचे हे म्हणत, कंपनीच्या डॉक्टरांना दाखवा. "दाखवू की," ते म्हणायचे. अशी काही वर्षं गेली. चाळीसमोर पक्क्या इमारती उठल्या, आमच्या मुली शाळेत जायला लागल्या. एका दुपारी पाळी सुटून भाऊ घरी आले, बूट काढायला दाराच्या पायरीवर बसले आणि तिथेच कलंडले.

निरोप मिळताच किसनराव आले. इतक्या वर्षांचा अबोला त्यांनी दारात बसून रडून संपवला, पण ऐकायला भाऊ नव्हते. सुलाबाई गप्प होत्या. बायका आपसात म्हणाल्या, बिचारीला कळलंच नाही. त्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. मला वाटलं, आता दवाखाना. पण जनाबाई माझ्याकडे येऊन बसल्या. "बाईला मी गावाकडं नेते. कुठली वस्तू कुठं, कशाच्या मागून काय, सगळं मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "मागल्या येळंला मी इचारलं न्हवतं." चार-सहा दिवस त्या रोज सकाळी सुलाबाईंच्या मागोमाग भिंतीकडेने फिरल्या, हात न लावता. पुढे गावाकडून येणारी माणसं सांगायची, सुलाबाई तिकडे बऱ्या आहेत, आपला चहा आपण करतात. ते खरं असावं. जनाबाईंवर माझा विश्वास होता.

निघायच्या सकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. किसनराव टपावर बोचकी चढवत होते. सुलाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, नेहमीसारख्या समोर बघत. अचानक त्यांनी माझं मनगट धरलं.

"वैनी," त्या म्हणाल्या, "ते लई दमायचे. बूट काढाया बी त्राण नसायचं. मला रोज दिसायचं."

इतकं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"बसा जरा, म्हणावं वाटायचं," त्या म्हणाल्या. "पण सांगाया गेलं की शबुद सापडायचा न्हाई. तवर ते उठून कामाला लागायचे."

कंडक्टरने घंटी मारली. जनाबाईंनी त्यांना हात दिला आणि त्या गाडीत चढल्या.