कानातलं रान

आमच्या शेजारच्या आक्का बोलण्याआधी समोरच्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायच्या. थोरला संजय जन्मापासून बहिरा, ओठ दिसल्याशिवाय त्याला कळायचं नाही, म्हणून लागलेली ही सवय. पण ती गॅसवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना भोगावी लागली. आक्का आत शिरल्या की साहेब खुर्ची मागे सरकवायचे.

संजयच्या बहिरेपणाचा निकाल सासूबाईंनी तो पाळण्यात असतानाच लावला होता: पोटुशी असताना आक्कांनी ग्रहणात भाजी चिरली. सासूबाई म्हणजे आक्कांची सख्खी आत्याच. भाजीवाल्याच्या काट्यावरही विश्वास न ठेवणाऱ्या आक्कांनी हा निकाल मात्र मुकाट मान्य केला होता.

धाकट्या विजयला गडहिंग्लजच्या मामाची अश्विनी करायची, हेही असंच ठरलेलं. विजय आणि अश्विनी, दोघांनाही एकमेकांपेक्षा मोबाइल जास्त आवडायचा, ते वेगळं.

संजयचा बहिरेपणाचा दाखला नवा करायचा होता, तेव्हा दवाखान्यात मी सोबत गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "नवरा नात्यातला का?" मग संजयचं रक्त तपासायला पाठवलं. महिन्याभरानं अहवाल घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. आतल्या कानातल्या पेशी जगायला एक जनुक धड असावं लागतं, त्यांनी समजावलं. बिघडलेलं एकाच पालकाकडून आलं तर चालतं, दोघांकडून आलं तर पेशी तग धरत नाहीत. जवळच्या नात्यात तसं व्हायचा धोका जास्त. ग्रहणाचा काही संबंध नाही.

परतताना रिक्षात आक्का रडल्या. मला त्यांना गप्प करावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत आक्कांचं व्याख्यान सुरू झालं. "कानात बी रान असतंय. पाट फुटला की पेशी वाळत्यात. आणि उसागत तोडल्यावर परत फुटायला त्येला खोडवा न्हाई की, एकदा गेल्या त्या गेल्या." ऐकणाऱ्या दोघी उसाचा यंदाचा दर विचारून गेल्या.

गडहिंग्लजचा भाऊ विजय-अश्विनीची सुपारी फोडायला आला, तेव्हा आक्का म्हणाल्या, "आण्णा, आधी दोघांचं रक्त तपासू. मग बघू."

"माझ्या पोरीच्या रक्तात खोट काढतीस?"

"तिच्या एकटीच्या न्हाई. तुझ्या-माझ्यात बी असंल."

भाऊ चहा न पिता उठला. माहेर तुटलं. तरी दर भाऊबीजेला आक्का ओवाळणीचं ताट मांडून बसायच्या, आणि कुणी विचारलं तर करंज्यांकडे बोट दाखवून विषय बदलायच्या. मला त्यांचा फार राग यायचा, आणि त्याहून जास्त त्या भावाचा.

आक्का गेल्या, त्याआधीच्या भाऊबीजेला अश्विनी आली. सोबत तिचा नवरा होता, परक्या घरातला.

"आत्या, लग्नाआधी रक्त तपासलं. माझ्यात हाय ते. ह्यांच्यात न्हाई."

आक्कांनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "तुझ्या बाला ठावं हाय?"

"त्येंनीच न्हेलतं मला तपासायला. भाईर गाडीत बसल्यात. आक्काला तोंड कसं दावू म्हणत्यात."

आक्कांनी ताट उचललं. पदरानं निरांजन झाकत अनवाणीच रस्त्यावर गेल्या, आणि गाडीची काच खाली होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.