चिखलाचे पाय
उसाच्या ओल्या सरीचा वास आला की मला वडिलांची झोप आठवते. ज्या फौंड्रीच्या पगारावर मी पदवीधर झालो, तिथून निवृत्त झाल्यावर त्यांची झोपच उडाली. अनवाणी मातीत उभं राहिल्यानं झोप लागते, असं मी मोबाईलवर वाचलं आणि त्यांना गडमुडशिंगीला थोरल्या चुलत्यांच्या शेतात नेऊन उभं केलं. “आणि किती वेळ उभा ऱ्हाऊ?” ते कुरकुरले. चुलते खो-खो हसले. “बुजगावणं हाईस व्हय रं? पाण्याची दारं धर की!” म्हणत त्यांनी खोरं दिलं. मग दिवस मावळेपर्यंत वडील सरीसरीत पाणी वळवत राहिले. घरी आई पाय धुवायला पाणी घेऊन आली, तोवर ते चिखलाच्या पायांनी घोरत होते. गुण मातीचा की खोऱ्याचा, मला अजून कळलेलं नाही. आता दर रविवारी तेच मला हलवून उठवतात, “ऊठ की, शेतावर पाटाला पाणी आलंय!”