इंग्लंडचा वकील आणि आत्याची पिशवी

पाहुण्यासाठी केलेल्या यादीत एकोणीस बाबी होत्या. उकळलेलं पाणी, जिन्याला धरायला दोरी, औषधाचं दुकान किती वाजता उघडतं ते, आणि सगळ्यात शेवटी घडीची खुर्ची.

मी सकाळी शाळेत इतिहास शिकवते, आणि बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या प्रवाशांना देते. यंदा हिवाळ्यात आलेले पाहुणे ब्याऐंशी वर्षांचे इंग्रज होते. जन्म खानदानी घराण्यातला, नावामागे पिढीजात पदवी, आणि चाळीस वर्षं देशोदेशी राजदूत म्हणून काढलेली. मुघलांच्या काळी इंग्लंडच्या राजाचा वकील बुऱ्हाणपुरात शहजाद्यापुढे उभा राहिला होता. आपल्याच कामातल्या त्या जुन्या माणसाची जागा त्यांना एकदा पाहायची होती.

फोनवर आत्याला मी हे सगळं सांगितलं आणि 'वकील' हाच शब्द वापरला. आपल्या जुन्या इतिहासात राजदूताला वकीलच म्हणतात, वर्गात मी रोज म्हणते. आत्याला मात्र एकच वकील ठाऊक, कोर्टातला.

तापीकाठच्या किल्ल्यात तो वकील उभा राहिला ती नेमकी जागा कुणाला दाखवता येत नाही, हे मी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची काही तक्रार नव्हती. त्या वकिलाला शहजाद्यानं बसायला खुर्ची दिली नव्हती. त्यानं मागितली, मिळाली नाही, तेव्हा तो खांबाला टेकून उभा राहिला. किल्ल्यात पोचल्यावर साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी घडीची खुर्ची उघडून पुढे केली होती.

"नको," ते म्हणाले. "त्यांना मिळाली नाही, मी कसा बसू?"

काठीवर दोन्ही हात ठेवून, खालच्या तापीकडे पाहत ते पस्तीस मिनिटं उभे राहिले. मी यादीत दहा धरली होती. मी एकदाही घड्याळ दाखवलं नाही. दाखवायची हिंमतच झाली नाही.

परत येताना रिक्षात त्यांनी एक आठवण सांगितली. दोन देशांची माणसं बोलणी करायला आली, पण आधी दारातून कोण आत जाणार, यावर अकरा दिवस अडली. शेवटी साहेबांनी भिंतीत दुसरं दार पाडून घेतलं. "माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम एका गवंड्यानं केलं," ते म्हणाले.

घरी पायरीवर आत्या बसली होती, मांडीवर कापडी पिशवी.

"आला का तुझा वकील? मी पहिल्याच बसनं आली. कागद सारे आणले."

"आत्या, हे कोर्टातले वकील नाहीत."

"मग कायचे?"

"राजाचे."

"राजाचं काम होतं, अन् विहिरीचं नाही होत याच्यानं?"

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्या गावी, तुकईथडला, तिची केळी बाबांच्या शेताला लागून आहे. विहीर दोघांची, पण नवी मोटर बाबांची. आठ महिने दोघं बोलत नव्हते, आणि आता आत्या भावावर दावा लावायला निघाली होती. दावा लागला असता तर तुकईथडला मला दोनपैकी एकाच घरी पाऊल टाकता आलं असतं.

मी साहेबांची माफी मागितली. ते हसले. घडीची खुर्ची त्यांनी स्वतः उघडली, आत्या बसेपर्यंत उभे राहिले, आणि मला म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

आत्या दहा मिनिटं बोलली. मी इंग्रजीत सांगितलं, "पाण्याच्या पाळीवरून वाद आहे. भाऊ ऐकत नाही." नीटनेटकं, दोन वाक्यांत. आठ महिने बाबा आणि आत्या यांच्यामध्येही मी हेच करत होते. टोचणारं काढून टाकायचं आणि उरलेलं पोचवायचं.

साहेबांनी आत्याच्या हातांकडे बोट केलं. मग म्हणाले, "त्यांनी दोनदा डोक्यावर हात ठेवला. तुमच्या सांगण्यात डोकं आलंच नाही."

मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसानं मी गाळलेली नेमकी गोष्ट ओळखली होती.

"चाळीस वर्षं दुभाष्यांशेजारी बसलोय," ते म्हणाले. "शब्द कळत नसले की हात पाहायचे. आणि निरोप धुऊन-पुसून नेला, तर तो पोचत नाही."

मग मी आत्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "पाणी नको देऊ म्हणा. पण नव्या मोटरीला नारळ फोडला, तव्हा मले बोलावलं नाही. विहीर खणली तव्हा मातीची पहिली पाटी या डोक्यावरून निघाली."

"हे तुमच्या वडिलांना कुणी सांगितलंय?" त्यांनी विचारलं.

कुणीच नव्हतं. सांगणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्याला घेऊन मी तुकईथडला गेले. तिला तिच्या अंगणात सोडलं, बांध ओलांडला आणि विहिरीपाशी उभ्या असलेल्या बाबांना प्रत्येक शब्द सांगितला, डोक्यावर हात ठेवून.

"तिले सांग," ते म्हणाले, "पहिली पाटी माझी होती. तिची दुसरी."

जुनी मी असते तर हे बांधावरच टाकून दिलं असतं, आणि 'बाबांना वाईट वाटलं' एवढंच आत्याला कळवलं असतं. पण मी जसंच्या तसं नेलं.

"दुसरी?" आत्या ताडकन उठली. "लबाड आहे तुझा बाप! सरक."

चपलाही न घालता ती बांध ओलांडून गेली. पिशवी खुंटीवरच राहिली. मी अंगणातून हलले नाही. विहिरीवरून आधी तिचा आवाज येत होता, मग दोघांचे एकदम. बऱ्याच वेळानं बाबांनी मला हाक मारली, "पोरी, दुकानातून नारळ आण!"

संध्याकाळी साहेबांना हे सांगितलं. निकाल काय लागला, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं एवढंच, "बोलताना भाऊ बसून होते का?"

"नाही. दोघंही उभे होते. विहिरीवर बसायला काही नाही."

त्यांनी मान हलवली, आणि माझ्यासाठी घडीची खुर्ची उघडली.