महांतप्पा मामा आणि आमचं झुंबर

आमच्या सास्तूर गावात कुणाच्याही घरात शिरा आणि बटण दाबा, लागणारा दिवा बहुतेक महांतप्पा मामांनीच बसवलेला असतो. बावन्न वर्षांचा काटकुळा माणूस, खिशाला टेस्टर, जुनी मोटरसायकल, बोलणं मोजून. आज मला ते सख्ख्या मामासारखे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यावर अशी भडकले होते की विचारू नका.

आमचं नवीन घर बांधून होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या नवऱ्याला, रामलिंगला, मी आधीच बजावलं होतं, "विटा-सिमेंट तुमचं, दिवे माझे." लातुरात वाढलेली बाई मी, सहा महिने मोबाईलवर दिवेच बघत होते. बांबूच्या टोपीचे, जुन्या कंदिलासारखे, देवघराला पितळी जाळीचा, भिंतीवर पिसारा फुलवलेले काचेचे मोर. मामा सगळं मुकाट ऐकून घ्यायचे. छताला निळ्या पट्ट्या हव्यात म्हटलं, तेव्हा तेवढं म्हणाले, "सूनबाई, घर बांधतायसा का परमिट रूम?" मला हसू आलं आणि पट्ट्या बाद झाल्या.

मग मी सोलापुरातून झुंबर आणलं. पाच हातांचं, सोनेरी, खाली काचेचे लोलक. मामांनी खोकं उघडून बघितलं आणि परत झाकलं.

"हे वरी टांगायचं न्हाय."

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू?"

"ज्या खोलीत माणूस झोपतंय, तिथं वरी जड काय नगं. ह्या हॉलात नागव्वा झोपणार न्हवं?"

नागव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, नागम्मा. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. मामांचं बोलणं मला झोंबलं, कारण हे घरच मुळी अव्वांसाठी बांधलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. सासरे गेले, मोठे दीर गेले, तेव्हा ते सात वर्षांचे होते. रामलिंग शेंडेफळ, दोन वर्षांचा, अव्वांच्या कुशीत होता म्हणून वाचला. पुढं सरकारनं दोन खोल्यांचं घर दिलं, पण अव्वा तिथं एक रात्र झोपल्या नाहीत. अंगणातल्या पत्र्याच्या शेडातच त्यांनी तीस वर्षं काढली. त्या वर्षी खोकला छातीत उतरला आणि डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "अजून एक हिवाळा या शेडात काढला तर मी काही सांगू शकत नाही." म्हणजे थंडीच्या आत त्यांना घरात आणायचंच होतं. ते मलाही कळत होतं हो. पण झुंबरही हवं होतं. खोटं कशाला बोलू?

मामा एका लॉजच्या कामाला चार दिवस तुळजापूरला गेले. मी लगेच उमरग्याहून दुसरा फिटर बोलावला आणि झुंबर टांगून घेतलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! येताजाता मीच मान वर करून बघायची.

घरभरणीच्या दिवशी स्वामींची पाद्यपूजा झाली, पाव्हणेरावळे जमले. अव्वा नवीन इरकली नेसून माझा हात धरून उंबऱ्यापर्यंत आल्या. तेवढ्यात दारातून वारं शिरलं आणि लोलक किणकिणले. "अगं बाई, काय गोड वाजतंय," कुणीतरी म्हणालं. अव्वांनी उचललेलं पाऊल मागं घेतलं.

"भांडी वाजायलीत," त्या म्हणाल्या.

आणि वळल्या. ज्या बाईला चार पावलं टाकायला काठी लागते, ती माझा हात सोडवून अशी शेडाकडं गेली की मला गाठता आलं नाही. मग रामलिंगनं सांगितलं, आणि लग्नाला बारा वर्षं झाली तरी हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या पहाटे आधी मांडणीवरची भांडी वाजली होती. भिंती नंतर कोसळल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. बाहेर जेवणाच्या पंगती चालल्या होत्या आणि जिच्यासाठी घर, ती बाई पत्र्याखाली बसून होती. लाज वाटली मला स्वतःची, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांना तुळजापूरला फोन लावला. वाटलं, आता म्हणतील, सांगितलं हुतं की न्हाय? ते फक्त म्हणाले, "उद्या येतो."

आले. झुंबर उतरवलं, लोलक एकेक काढून फडक्यात बांधले. मग जड लोखंडी बुडाचा एक पाइप उभा करून त्यावर झुंबर बसवलं आणि कोपऱ्यात ठेवलं. पाच हात, पाच दिवे, समईसारखं जमिनीवर उभं. भिंतीवरचे मोरही त्यांनी काढून असे फिरवून बसवले की उजेड वर जावा. सगळं छत लख्ख उजळलं, कुठं सावली म्हणून नाही.

"अंधारात स्लॅब दिसत न्हाय," मामा म्हणाले, "मग वाटतंय, खाली यायलाय. दिसला की जरा बरं असतंय."

यांना हे कसं ठाऊक, असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. मी अव्वांना हाक मारायला गेले. शेडाचं दार आमच्या हॉलच्या समोरच आहे. अव्वांनी तिथूनच बघितलं, बराच वेळ बघितलं.

"लई गोड केलास रं महांतू," त्या म्हणाल्या. "पर तू झोपतूस का स्लॅबखाली?"

रामलिंगनं मान खाली घातली. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. भूकंपाच्या वेळी मामा वीस वर्षांचे. अकरा तास मातीखाली होते. शेजारी त्यांची आई होती, ती सुरुवातीला बोलत होती, मग बोलायची थांबली. जवानांनी त्यांना एकट्यालाच बाहेर काढलं. पुढं भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडांत बल्ब लावायला माणसं आली, त्यांची शिडी धरता धरता ते हे काम शिकले. अर्ध्या गावाच्या घरात उजेड केला या माणसानं, पण तेव्हापासून स्लॅबखाली पाठ टेकलेली नाही. तेही पत्र्याखालीच झोपतात.

"झोपून दाव," अव्वा म्हणाल्या.

मामांनी चपला काढल्या, टेस्टर खिडकीत ठेवला आणि भर दुपारी हॉलच्या मधोमध सतरंजीवर आडवे झाले. डोळे छताला लावलेले. मुठी आवळलेल्या. पाहता पाहता कपाळ घामानं डबडबलं, छाती भात्यासारखी हलायला लागली.

"मामा, उठा. राहू द्या," मी म्हटलं. माझ्याच्यानं बघवेना.

त्यांनी नुसती मान हलवली. ओठ पांढरे पडले होते.

अव्वा शेडाच्या दारातून बघत होत्या. उठल्या. काठी घ्यायचंसुद्धा भान राहिलं नाही. अंगण ओलांडलं, उंबरा ओलांडला, वर बघितलंच नाही. गुडघे धरत मामांच्या उशाशी बसल्या आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"अंजब्याड, मगा, अंजब्याड." भिऊ नको, लेकरा. आमच्या घरात ऊर भरून आला की कानडीच तोंडात येते.

मामा लहान पोरासारखे रडले. अव्वा कपाळावरून हात फिरवत राहिल्या. हळूहळू मुठी सुटल्या, श्वास संथ झाला, आणि तो पन्नास वर्षांचा माणूस तिथंच गाढ झोपला. मी भिंतीला टेकून डोळे पुसत उभी होते.

ऊन कलायला लागलं. अव्वा एकाच जागी अवघडून बसलेल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "अव्वा, शेडात नेऊन सोडू का?"

त्यांनी डोळे वटारले.

"हळू बोल की गं. माझं अंथरूण हितंच आण. ह्यो उठल्यावर कुणी नसलं तर भिईल."