मनोऱ्यावरचा झेंडा

नव्वदच्या दशकात वडिलांना सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि देवळ्याजवळचं गाव सोडून आम्ही नाशकात आलो. नववीच्या वर्गात पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी गावाकडच्या अहिराणीतलं ‘शे’ निघालं. वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मी तोंडाला कुलूपच लावलं. शेजारी बसणारी तेवढी माझ्याशी बोलायची. तिचे वडील चर्चची देखभाल करायचे, आवारातच त्यांचं घर होतं.

चित्रकलेच्या परीक्षेसाठी सर निसर्गचित्रांचा सराव घ्यायचे. आमची मजल दोन डोंगर, मधे सूर्य आणि एक झोपडी, एवढीच. तिच्या चित्रात मात्र डोंगराच्या पायथ्याशी चर्चचा बारीकसा मनोरा असायचाच. सर म्हणायचे, “लांबून मनोरा दिसला की समजायचं, तिथे आपली वाट बघणारं कुणीतरी आहे.” मला ते फार आवडलं. मीही मनोरा काढला. आणि टोकावर, गावच्या देवळाच्या कळसाला असतो तसा झेंडा लावून दिला.

सरांनी तो कागद वर्गासमोर धरला. पुन्हा तेच हसणं. ती हळूच म्हणाली, “अगं, तिथे क्रूस असतो.” तिचं काही चुकलं नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. “तुझं चर्च तुझ्यापाशीच ठेव,” म्हणाले आणि दप्तर उचलून मागच्या बाकावर गेले. मधल्या सुट्टीत ती दोनदा डबा घेऊन आली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरं तर रोज वाटायचं, हिने अजून एकदा यावं. दहावी संपली तरी मी बोलले नाही.

निकालाच्या दिवशी सरांनी जुन्या चित्रांचा गठ्ठा पुढे केला. तिचा एक कागद त्यात तसाच राहिला होता. मनोऱ्यावर क्रूस, आणि त्याच्या खाली हुबेहूब माझ्यासारखा झेंडा.

“त्याच दिवशी शाळा सुटल्यावर काढून दिलं तिने,” सर म्हणाले. “म्हणाली, हेही उद्या सगळ्यांना दाखवा, हसायचं तर वर्गाने दोघींना हसावं. माझ्याकडूनच राहून गेलं.”

मी तशीच सायकल दामटत चर्चवर गेले. घराला कुलूप होतं. आठवड्यापूर्वीच ते लोक दुसऱ्या गावी गेले, असं आवारातल्या माळ्याने सांगितलं. कुठल्या, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढे मीच चित्रकला शिकवू लागले. मुलं विचारतात, “बाई, तुमच्या प्रत्येक चित्रात हा मनोरा कशाला?” मी सांगते, तिथे कुणीतरी राहतं. सरांचं वाक्य मी पूर्ण सांगत नाही. तिथे माझी वाट बघणारं कुणी आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.